वडिलांची बाग विकून दवाखाना काढावा का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी 29 वर्षांच्या असून बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झाल्यानंतर गेली चार वर्षे पुण्यातील एका दंतचिकित्सालयात नोकरी करीत आहेत. त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. पती पुण्यातच नोकरीला आहेत. आता स्वतःचा दवाखाना काढावा असे त्यांच्या मनाने घेतले आहे. पुण्याच्या उपनगरात गाळ्यांची भाडी परवडत नाहीत आणि माहेरच्या गावात आधीच सात दंतवैद्य आहेत. साहित्य पुरवणाऱ्या डीलरने दोन डेंटल चेअर, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढणारे ओपीजी यंत्र, लेझर आणि अंतर्गत सजावट असा सर्व मिळून 34 लाखांचा अंदाज दिला आहे. त्यांची बचत 6 लाख आहे. उरलेल्या 28 लाखांसाठी वडील एक एकर द्राक्षबाग विकायला तयार आहेत, तर भावाचे म्हणणे बँकेचे कर्ज घ्यावे असे आहे. “दवाखाना पहिल्या दिवसापासून भारी दिसला नाही तर पेशंट उभा राहत नाही, असे सगळे सांगतात. गावातल्या डॉक्टरांना कट दिल्याशिवाय ते पेशंट पाठवत नाहीत, असेही ऐकले आहे. मी काय करावे?” असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रात पुणे की गाव, बाग की बँक, असे दोन प्रश्न शेजारी शेजारी आले आहेत आणि दोन्ही वेळा तुम्ही 34 लाखांचा आकडा जणू ठरलेलाच धरला आहे. मला सर्वांत आधी त्या आकड्याविषयीच विचारावेसे वाटते. हा अंदाज कोणी काढला? ज्याला यंत्रे विकायची आहेत त्याने. तुमच्या गावातील पेशंट कोणत्या तक्रारी घेऊन येतील, त्यांतल्या किती तुम्ही स्वतः हाताळाल, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी काय लागेल, या क्रमाने विचार करून तो आकडा आलेला नाही. म्हणून बाग विकावी की कर्ज काढावे हा वाद तूर्त बाजूला ठेवा. इतके पैसे लागतात का, हे आधी पाहू.

हिशेब मांडू. समजा 28 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 48 हजार रुपये येतो आणि सात वर्षांत केवळ व्याजापोटी 12 लाखांहून अधिक रक्कम जाते. गाळ्याचे भाडे तुम्ही 14 हजार लिहिले आहे. सहायिकेचा पगार 10 हजार आणि वीज, पाणी, इंटरनेट, जैववैद्यकीय कचरा वगैरेंचे 6 हजार धरले, तर दार उघडण्याआधीच महिन्याला 78 हजार रुपये उभे करावे लागतील. शिवाय जमेच्या साधारण एक तृतीयांश रक्कम साहित्य आणि लॅब (कवळ्या, कॅप बनवून देणारी प्रयोगशाळा) यांत जाते असे धरा. म्हणजे महिन्याला 25 दिवस काम केल्यास रोज सुमारे 4,700 रुपये जमा झाले, तरच हा खर्च भागतो, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या हाती एक रुपयाही येत नाही. नव्या दवाखान्यात पहिले काही महिने काही दिवस पूर्ण रिकामे जातात, काही दिवस फक्त “दात हलतोय का बघा” एवढ्यापुरते लोक येतात. अशा दिवसांत 48 हजारांचा हप्ता डोक्यावर असला की ज्या दाताला साधे फिलिंग पुरेल तिथे रूट कॅनॉल आणि कॅप सुचवण्याचा मोह होतो. तुम्ही तशा नाही, हे तुमच्या पत्राच्या सुरावरूनच कळते. तरीही मोहाची वेळच येऊ नये अशी व्यवस्था आधी करून ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

आता दुसरा हिशेब. एक चांगली चेअर, आवश्यक तेवढी उपकरणे आणि नेटकी, स्वच्छ जागा एवढ्यावर सुरुवात केली, तुमच्या बचतीतील 3 लाख त्यात घातले आणि वर 8 लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी त्याच दराने घेतले, तर हप्ता सुमारे 17,400 रुपये येतो. बाकीचे खर्च तेच धरले तर रोजची गरज 4,700 वरून 2,850 रुपयांच्या आसपास उतरते. बचतीतील उरलेले 3 लाख मात्र यंत्रांत घालू नका. ते पहिल्या सहा-आठ महिन्यांच्या भाड्यापगारासाठी बँकेत राहू द्या. डीलरच्या अंदाजपत्रकात या रकमेला जागाच नसते, आणि नवे दवाखाने यंत्रे नसल्यामुळे नव्हे, तर हातातली रोकड संपल्यामुळे अडचणीत येतात. एवढ्या कर्जासाठी जमीन विकण्याचीच काय, गहाण ठेवण्याचीही गरज बहुधा पडणार नाही. पंतप्रधान मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतचे विनातारण कर्ज मिळू शकते, त्याविषयी दोन-तीन बँकांत प्रत्यक्ष जाऊन विचारा.

अंदाजपत्रकात “जीएसटी वेगळा” असे लिहिले आहे आणि तो “पुढे वळता होईल” असे डीलरने तोंडी सांगितल्याचे तुम्ही नमूद केले आहे. असे होणार नाही. उपचारसेवा जीएसटीतून मुक्त आहे, म्हणूनच खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. तो कर हा तुमचा निव्वळ खर्च आहे. प्रत्येक वस्तूची किंमत करासह लिहून मागा. त्याच कागदावर हमीचा काळ, वार्षिक देखभालीचा दर आणि बिघाड झाल्यास कारागीर कोणत्या गावाहून किती तासांत येईल, हेही लिहून घ्या. तालुक्याच्या गावात चेअर चार दिवस बंद राहिली, तर त्या चेअरची चकचकीत गादी काही उपयोगाची नसते.

“भारी दिसणे” हा मुद्दा मला गांभीर्याने घ्यायचा आहे, कारण तो पूर्णपणे खोटा नाही. पेशंट पाहतो, हे खरेच आहे. मात्र तो काय पाहतो, याविषयी आपला अंदाज चुकतो. लेझर यंत्र कशासाठी असते हे त्याला ठाऊक नसते. पण तुम्ही हातमोजे त्याच्यासमोर नवे काढले का, उपकरणांचे पाकीट त्याच्यासमोर फाडले का, आधीच्या माणसाच्या तोंडातून निघालेला एअरोटर (दात कोरायचे, हवेवर फिरणारे हत्यार) पुसून त्याच्या तोंडात घातला का, हे तो खुर्चीत पडल्या पडल्या नीट पाहत असतो आणि घरी जाऊन सांगतो. तुमचे पहिले मोठे पैसे इथे जाऊ द्या. एअरोटर आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत हवा अडकली तर वाफ आत पोहोचत नाही, म्हणून आधी हवा ओढून काढणारा बी क्लासचा ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) घ्या. 134 अंश सेल्सियसला प्रत्यक्ष निर्जंतुकीकरण काही मिनिटांत होते, पण तापणे, हवा ओढणे आणि पाकिटे वाळणे धरून एक फेरी अर्धा-पाऊण तास घेते. याचा सरळ अर्थ असा, की संध्याकाळी ओळीने पाच पेशंट आले तर एक-दोन एअरोटरवर भागणार नाही. किमान पाच-सहा लागतील. ओपीजी यंत्राच्या किमतीत असे किती एअरोटर येतात, हे त्याच कोटेशनवर मोजून पाहा. ओपीजीची गरज भासेल तेव्हा पेशंटला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवता येईल. दाताचा छोटा एक्स-रे मात्र दवाखान्यातच निघाला पाहिजे, त्याशिवाय रूट कॅनॉल करू नये.

दुसरी चेअर आज घेऊ नका, पण तिची नळजोडणी आजच करून घ्या. पाणी, सांडपाणी, हवा आणि वीज यांच्या नळ्या फरशीखालून जातात. पुढे चालत्या दवाखान्यात फरशी फोडणे म्हणजे आठवडाभर काम बंद. एका चेअरला साधारण 9 बाय 10 फुटांची जागा लागते, तेव्हा गाळा पाहतानाच फूटपट्टी सोबत असू द्या. सांडपाण्याला उतार मिळतो का ते पाहा. तेलविरहित कॉम्प्रेसर मागच्या बाजूला ठेवता येईल का, त्याच्या आवाजावरून वरच्या मजल्याशी भांडण होणार नाही ना, हे आधीच विचारा. जिना चढून जावे लागणारा गाळा स्वस्त मिळतो, पण कवळी बसवायला येणाऱ्या आजोबांचे गुडघे तो जिना चढू देत नाहीत. भाडेकरार तोंडी किंवा साध्या कागदावर करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नळजोडणीवरचा खर्च उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून मुदत निदान पाच वर्षांची मागा आणि मालकाने मधेच जागा सोडायला सांगू नये अशी अट त्यात घाला.

आता गावाविषयी. सात दंतवैद्य आहेत म्हणजे जागा नाही, हा तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. सात दवाखाने चालत आहेत, याचा अर्थ लोक दातांसाठी पैसे खर्च करतात, एवढे तर नक्कीच सिद्ध होते. त्या सातांमध्ये काय होत नाही, हे शोधायला हवे. लहान मुलांचे दात कोण पाहते? दाढेचे रूट कॅनॉल गावात होते, की पेशंट मिरज-कोल्हापूरला जातात? रात्री आठनंतर कोण उघडे असते? आठवडी बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या माणसाला एका फेरीत काम उरकून मिळते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, बायका तोंड उघडून दाखवायला कोणाकडे जातात?

या शेवटच्या प्रश्नावर मी थोडे थांबणार आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील चौथ्या हिश्शाहून अधिक प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात आणि त्यातला फार मोठा भाग चघळण्याच्या किंवा दातांना घासण्याच्या तंबाखूचा आहे. तुमच्या भागात मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बायका घरोघरी आहेत. “दात शिवशिवतात” म्हणून त्या येतात, मशेरीचे नाव काढत नाहीत, आणि पुरुष डॉक्टरांपुढे तर नाहीच नाही. तुम्ही दार लोटून घेऊन, शांतपणे, “मावशी, सकाळी एकदाच लावता की दुपारीही?” असे विचारलेत तर त्या सांगतील. मग गालाचा आतला भाग, खालच्या ओठाची आतली बाजू, जिभेची कड नीट पाहता येईल आणि कर्करोगाची पूर्वखूण ठरू शकणारा पांढरा चट्टा वेळेत सापडेल. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटखा खाणारी विशी-पंचविशीतली मुले तुमच्याकडे येतील. त्यांना स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. ज्याची दोनच बोटे जातात, त्याला तिखट का लागते आणि तोंड का आखडत चालले आहे, हे समजावण्यात तुमची दहा मिनिटे जातील आणि त्या दहा मिनिटांचे बिल होणार नाही. पण याच कामाची त्या गावात उणीव असण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्याला 34 लाख लागत नाहीत. चांगला दिवा, आरसा आणि सवड लागते.

कटाविषयी माझे मत स्पष्ट आहे: देऊ नका, घेऊही नका. दंतवैद्यांच्या आचारसंहितेनुसार पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे हे गैरवर्तन आहे, आणि दिलेला कट अखेर पेशंटच्याच बिलात चढतो. एकदा दर ठरला की शेजारचा दवाखाना त्याहून जास्त देईपर्यंतच ते पेशंट तुमचे असतात. मग फॅमिली डॉक्टरांशी नाते जोडायचे कसे? त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक पेशंटबद्दल त्यांना लेखी उत्तर पाठवा: काय आढळले, काय केले, कोणते औषध दिले. मधुमेह आणि हिरड्यांचे आजार एकमेकांना बळ देतात. हिरड्या वारंवार सुजणाऱ्या पेशंटला तुम्ही साखर तपासायला त्यांच्याकडे पाठवलेत, तर ही देवाणघेवाण पैशावाचून दोन्ही बाजूंनी सुरू होते. सगळे डॉक्टर प्रतिसाद देणार नाहीत. जे देतील तेवढे तुम्हाला पुरतील. शाळांमध्ये जाऊन मुलांना दात घासायला जरूर शिकवा, पण तिथे दवाखान्याची पत्रके वाटू नका. पाटीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढे पुरे.

माहेरच्या गावातली एक अडचण तुमच्या पत्रात नाही, ती मी मांडते. तिथे निम्मे पेशंट तुम्हाला “बाळ” म्हणून हाक मारतील आणि “घरचंच आहे, पुढच्या वेळी बघू” म्हणून उठतील. सवलत द्यायची तर ती कोणाला आणि किती, हे पहिल्या आठवड्यातच ठरवा. मामांना एक दर आणि चुलत्यांना दुसरा, हे गावात दुपारपर्यंत पसरते. मोठ्या कामाआधी मराठीत लिहिलेला उपचाराचा आणि खर्चाचा कागद हातात द्या, पर्याय लिहा (दात वाचवणे, काढणे, काढून कवळी किंवा ब्रिज) आणि प्रत्येक बैठकीचे पैसे त्या त्या बैठकीला घ्या. खरोखर अडलेल्या माणसासाठी तुम्ही मोफत काम कराल, ते वेगळे. ते तुमच्या निर्णयाने व्हावे, भिडेने होऊ नये.

लॅबचाही आधी विचार करा. कवळीचे किंवा कॅपचे माप अल्जिनेट या साध्या, मऊ लगद्यासारख्या साहित्यात घेतले तर ते सुकून आकसते, म्हणून ते कुरियरने लांब पाठवून चालत नाही. दवाखान्यातच लगेच साचा ओतून मग तो पाठवावा लागतो. सहायिकेला हे काम हाताला धरून शिकवा. लॅबला कामाचे पैसे देण्याची तारीख ठरवून ती पाळा. दाढेची अवघड रूट कॅनॉल किंवा रुतलेली अक्कलदाढ यांसाठी एमडीएस झालेले तज्ज्ञ ठरावीक दिवशी येऊ शकतील का, हेही आताच विचारून ठेवा. पुण्यातल्या तुमच्या सहकाऱ्यांपैकी कोणी त्या भागातले असेलच.

परवान्यांचे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही, आणि एजंटावर सोपवून विसरून जाण्यासारखेही नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू हवी. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच घ्यावी लागते. कचरा उचलणाऱ्या सामाईक केंद्राशी करारही लागतो. रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, काच निळ्यात, हे सहायिकेला पहिल्या दिवसापासून पाठ हवे. एक्स-रे यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर होते. यंत्र मंडळाने मान्य केलेल्या प्रकारातले आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 रुपये आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना, एवढे उरते. व्यावसायिक दायित्वाचा विमा दार उघडण्याच्या दिवशी लागू असावा. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे विमा आणि नीट ठेवलेली नोंदवही, दोन्ही हवेत.

पुणे की गाव याचा निर्णय मी तुमच्या वतीने घेणार नाही, कारण त्यात तुमच्या संसाराचा प्रश्न आहे आणि पत्रात त्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: “पती पुण्यातच राहतील.” किती वर्षे? दर शनिवारी कोण प्रवास करणार? मूल झाल्यास दवाखाना कोण सांभाळेल? भाड्याच्या आकड्याइतकेच हे आकडेही समोर मांडून बोलायला हवेत. मला एक तिसरी वाट दिसते. नोकरी एकदम सोडू नका. पुढचे सहा महिने पुण्यात आठवड्याचे चार-पाच दिवस काम करा आणि उरलेले दोन दिवस गावातल्या सातांपैकी एखाद्या दंतवैद्याकडे करा. तुम्ही लिहिले आहे की त्यांतले एक डॉक्टर साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची मुले या व्यवसायात नाहीत. त्यांना जाऊन भेटा. चालू दवाखाना रीतसर हस्तांतरित करून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून फारशी रुळलेली नाही, पण काही काळ त्यांच्यासोबत काम करून, साहित्याची वाजवी किंमत ठरवून, हळूहळू तो दवाखाना हाती घेणे दोघांच्याही सोयीचे ठरू शकते. ते नको म्हणाले तरी कोणत्या वेळी कोण येते, काय मागते आणि किती देऊ शकते, हे तुम्हाला सहा महिन्यांत कळलेले असेल, आणि अशी माहिती तुम्हाला कोणत्याही डीलरकडून मिळणार नाही. ज्यांना नोकरी लगेच सोडून चालणार नाही, अशा इतर वाचकांनाही हाच मार्ग सुचवीन.

वडिलांशी मात्र याच आठवड्यात बोला. “बाग नको” एवढेच म्हटलेत तर त्यांना तो नकार वाटेल. लेकीच्या दवाखान्यात आपला हात असावा अशी त्यांची इच्छा आहे आणि ती रास्त आहे. वर मांडलेला दुसरा हिशेब कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. बाग विकून आलेली रक्कम यंत्रांत गेली की त्या यंत्रांची किंमत दरवर्षी उतरत जाते, तर बाग निदान पीक देते, हे कोणत्याही शेतकऱ्याला वेगळे समजावावे लागत नाही. गाळा शोधणे, मालकाशी बोलणी करणे, नळजोडणीच्या वेळी गवंड्यावर उभे राहून लक्ष ठेवणे ही कामे त्यांच्याकडे द्या. आणि त्यांना काही रक्कम द्यायचीच असेल, तर ती बागेच्या एखाद्या हंगामाच्या उत्पन्नातून, झेपेल तेवढी आणि भावाला माहीत करून, उसनी घ्या. परतफेडीची तारीख त्याच कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा.